आधी मजुरीचं बोला

‘ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. याला असे कितीसे पैसे लागतात? पण या लोकांना वडापाव पाहिजे, पोरांच्या हातात पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट पाहिजे. पैसा नाही असं नाही, वळण नाही.’ कमी पगारावर जगणाऱ्या माणसांच्या खाण्याबद्दल हे बोलणं हल्ली सगळीकडं ऐकू येतं. आहारावरच्या व्याख्यानांत ते असतं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत असतं, सोसायटीच्या बैठकीत असतं. सप्टेंबरातल्या पोषण महिन्यात सरकारी फलकांवरही त्याचीच मवाळ आवृत्ती झळकते. लोकांना शिकवा, म्हणजे लोक नीट खातील.

असं बोलणाऱ्यांतले पुष्कळ जण मनापासून बोलतात, हे मला माहीत आहे. त्यांचं म्हणणं नुसतं अपुरं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. ते चुकीचं आहे, आणि त्यानं नुकसान होतं. सगळा दोष एकदा खाणाऱ्याच्या अकलेवर टाकला की मजुरी ठरवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही.

तेव्हा आधी हिशोब मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत २,००० कॅलरींचं दिवसाचं ताट दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. या ताटात चैनीचं काही नाही. दाण्यांच्या जागी शेंगदाणे चालतात, फळाच्या जागी केळं चालतं. आपण प्रत्येक वर्गातली स्वस्तातली वस्तू घेऊ आणि भावही हात राखून धरू. धान्य ४० रुपये किलो, डाळ १२०, भाजी सरासरी ६०, केळी ६०, दूध ५६ रुपये लिटर, शेंगदाणे १४०, तेल १४०. पुण्या-मुंबईत पिशवी घेऊन बाजारात जाणारी कुणीही बाई सांगेल की तूरडाळ या भावात क्वचितच मिळते आणि पावसाळ्यात भाजी तर मुळीच मिळत नाही. तरी हेच भाव धरू. धान्याचे १० रुपये, डाळीचे १०, भाजीचे २४, फळाचे ६, दुधाचे १७, दाण्यांचे ५, तेलाचे ४. एका माणसाचं एका दिवसाचं ताट झालं ७६ रुपयांचं.

घरात नवरा-बायको आणि दोन मुलं. मुलांचं खाणं मिळून एका मोठ्या माणसाएवढं धरलं तर रोजचे २२८ रुपये, महिन्याचे ६,८४०. यात गॅस नाही, मीठ-मसाला नाही, चहा-साखर नाही, पाहुणा नाही, सणवार नाही. शिवाय २,००० कॅलरी ही फार कष्ट न करणाऱ्या माणसाची गरज झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या कोष्टकात जड काम करणाऱ्या पुरुषाला ३,४७० कॅलरी लागतात असं लिहिलं आहे. स्लॅबवर घमेली वाहणारा माणूस आणि संगणकासमोर बसणारा माणूस यांना एकच ताट पुरत नाही.

आता हे ६,८४० रुपये कुणापाशी आहेत ते पाहा. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारतातल्या तळाच्या ५ टक्के लोकांचा दरडोई महिन्याचा खर्च २,३७६ रुपये निघाला. हा सगळा खर्च झाला: भाडं, वीज, बस, शाळा, औषधपाणी, कपडे आणि खाणं. आपल्या हिशोबातलं ताट दरडोई १,७१० रुपयांना पडतं. तळातल्या माणसानं पोषण संस्थेचं ऐकलं तर त्याच्या हाती बाकी सगळ्यासाठी महिन्याचे ६६६ रुपये उरतात. खेड्यातल्या तळाच्या ५ टक्क्यांचा दरडोई एकूण खर्च १,६७७ रुपये आहे, म्हणजे ताटाच्या किमतीहूनही कमी. गावात भाजी थोडी स्वस्त धरली तरी हे गणित जुळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं इतर संस्थांबरोबर काढलेल्या २०२४ च्या अहवालातही, २०२२ साली भारतातल्या ५५.६ टक्के लोकांना सकस आहार परवडत नव्हता, असाच निष्कर्ष आहे. निम्म्याहून अधिक देशाला एकाच वेळी वळण नाही, असं म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्यांनी तसं उघड म्हणावं.

हा हिशोब पुढं ठेवला की लगेच उत्तर येतं, ‘रेशन फुकट आहे ना!’ आहे. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य. या धान्याची किंमत मी कमी करणार नाही. टाळेबंदीच्या महिन्यांत कित्येक घरांची चूल त्याच्यावर पेटली. पण वरच्या हिशोबात धान्याचा वाटा ७६ मधला १० रुपयांचा आहे. ताटातला कमी खर्चाचा भाग सरकारनं उचलला. डाळ, भाजी, दूध, फळ, दाणे, तेल यांचे ६६ रुपये जिथल्या तिथं राहिले. गहू-तांदळानं पोट भरतं, रक्त भरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या मुलांत हे प्रमाण ६८.९ टक्के होतं. ही धान्याअभावी आलेली अवस्था नव्हे, धान्यापलीकडं काही न मिळाल्यानं आलेली अवस्था आहे.

आणि ते धान्य तरी कुणाला मिळतं? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यासाठी महाराष्ट्रानं प्राधान्य कुटुंबाची शहरी उत्पन्नमर्यादा ठरवली ती वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारांच्या आत. एका कुटुंबाचे! चार-पाच घरी धुणीभांडी करणारी बाई एकटीच या रेषेच्या वर जाते. तिचा नवरा कुठं बारा तास पहारा करत असेल तर कागदावर ते घर सुखवस्तू ठरतं. मग उत्पन्नाचा दाखला कमी लिहून घ्यायचा आणि तपासणीची बातमी आली की धास्तीत राहायचं. प्रामाणिकपणे खरं उत्पन्न लिहिणाऱ्याच्या हातात केशरी कार्ड राहतं आणि मोफत धान्याच्या यादीतून त्याचं नाव जातं. त्यात भर म्हणजे लाभार्थींची संख्या आजही २०११ च्या जनगणनेवर बेतलेली आहे. तेव्हापासून शहरांत आलेली, जन्मलेली, लग्न होऊन वेगळी झालेली माणसं या मोजणीत कुठं आहेत?

माझ्या ओळखीच्या एक ताई पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत राहतात. पाच घरची कामं करतात. नळाला पहाटे पाणी येतं म्हणून साडेचारला उठणं, सातच्या आत पोरांचा डबा, साडेसातला पहिलं घर. दुपारी तीनला परत, संध्याकाळी पुन्हा दोन घरची पोळी-भाजी. त्यांचा बाजार कसा होतो ते मी पाहिलं आहे. पाव किलो तूरडाळ, दहा रुपयांचं तेलाचं पाकीट, पाच रुपयांची हळद, दोन अंडी. हे सगळं गल्लीतल्या वाण्याकडं, वहीवर मांडून. महिन्याचा किराणा मोठ्या दुकानातून एकदम भरला तर शे-दोनशे रुपये वाचतात, हे त्यांना कुणी सांगायला नको. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाण्याकडं महाग पडतं हे मला कळत नाही का? पण तो पैशाला थांबतो. दुकानवाला थांबतो का?” एक तारखेला हातात तीन हजार रुपये मोकळे असण्याची किंमत किती असते, हे ज्यांच्या हातात ते नेहमीच असतात त्यांच्या लक्षात येत नाही. ते नसले की प्रत्येक पाव किलोमागं थोडं जास्त द्यावं लागतं, वर्षभर, आयुष्यभर.

पालकाची जुडी वीस रुपयांना. निवडली, धुतली, शिजवली की वाटीभर होते; चार माणसांत ती तोंडी लावण्यापुरती. वीस रुपयांच्या बटाट्यांचा रस्सा रात्रीचा होतो आणि उरलेला सकाळी पोळीबरोबर जातो. फ्रिज नाही. दूध सकाळी आणलं तर संध्याकाळपर्यंत नासण्याची भीती, म्हणून चहापुरतं. दहा बाय दहाच्या खोलीत पत्रा तापला की शिजवलेली डाळही रात्रीपर्यंत टिकत नाही. अशा घरात पाच रुपयांचं बिस्किटाचं पाकीट काय करतं ते नीट समजून घ्या. ते नासत नाही, त्याला गॅस लागत नाही, निवडावं लागत नाही, आई घरी नसताना पोराला स्वतः उघडून खाता येतं, आणि त्याची किंमत पावसानं वाढत नाही. “पाच रुपयांत पोरगं दोन तास कळ काढतं. पाच रुपयांचं सफरचंद कोण देतं का?” हे त्यांचंच वाक्य. पाच रुपयांत केळं येतं, हेही त्यांना माहीत आहे, त्या आणतातही. पण शाळेतून आलेल्या दहा वर्षांच्या पोराची भूक एका केळ्यानं भागत नाही. त्या बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल आहे आणि ते रोज खाणं वाईट आहे, यावर माझं आणि आहारतज्ज्ञांचं एकमत आहे. मतभेद एवढाच आहे, की ते पाकीट मला अज्ञानाचं लक्षण वाटत नाही. हातात असलेल्या पैशात, वेळात आणि जागेत केलेली ती विचारपूर्वक निवड आहे.

या ताई ज्या सोसायटीत जातात तिथं एकदा कामाला येणाऱ्या बायकांसाठी आहारावर बोलणं ठेवलं होतं. हिमोग्लोबिन वाढवायला बीट खा, खजूर खा, डाळिंब खा. दिवसातून थोडं थोडं चार-पाच वेळा खा. बोलणाऱ्या बाई भल्या होत्या, माहिती बरोबर होती. शेवटी या ताईंनी विचारलं, “मॅडम, दोन कामांच्या मधी बसून डबा खायला कुठं जागा मिळंल?” सभागृहात बसलेल्यांपैकी कुणापाशीच उत्तर नव्हतं. त्या इमारतीत कामवाल्या बायकांना बसायला जागा नाही, त्यांच्यासाठी संडास नाही, आणि म्हणून त्या सकाळपासून पाणीसुद्धा बेतानं पितात. घरोघरी कालची उरलेली भाजी, परवाचा केक, कडक झालेल्या पोळ्या त्यांच्या हातात दिल्या जातात. त्यांच्या आहारातला एक मोठा भाग दुसऱ्यांच्या फ्रिजमध्ये काय उरलं यावर ठरतो. ‘थोडं थोडं चार वेळा खा’ हा सल्ला त्यांना कुणी द्यायचा, आणि त्याची तजवीज कुणी करायची?

ज्ञानाचं म्हणाल तर ते मराठी घरांत कधीच कमी नव्हतं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं, मेथी, बाजरीची भाकरी आणि वर तूप, हे कुठल्याही वस्तीतली निरक्षर सासू न अडखळता सांगते. मोड आलेली मटकी सकस असते हे तिला प्रथिनं हा शब्द न शिकता ठाऊक आहे. तिला विचारा, सुनेच्या बाळंतपणात डिंक किती आणला. ती आधी भाव सांगेल.

ज्वारीची भाकरी स्वस्त असते, ही समजूत तर फार जुन्या काळातून आली आहे. एके काळी ज्वारी-बाजरी हेच गरिबाचं धान्य होतं, खरं आहे. पण १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी खाल्लेली पिढी पुढं गव्हा-तांदळाकडं वळली, कारण रेशनवर तेच मिळत राहिलं. हमीभावानं खरेदी व्हायची ती मुख्यतः याच दोन धान्यांची. शेतात ज्वारीच्या जागी ऊस आला, सोयाबीन आलं, द्राक्षं आली. ज्वारीचं क्षेत्र आटत गेलं आणि भाव चढत गेला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा ज्वारीच्या लाह्या, बिस्किटं आणि पोहे चकचकीत पाकिटांत घालून मॉलमध्ये आले. आज चांगल्या ज्वारीचा भाव गव्हाच्या बरोबरीनं किंवा त्याच्या वर असतो. गरिबानं ज्वारी सोडली हे म्हणणं उलटं आहे. धोरणांनी ज्वारी त्याच्या हातून काढून घेतली आणि आता ती सोडल्याबद्दल त्यालाच बोल लावला जातो.

आकडे वाचणारे विरोधक आणखी एक मुद्दा आणतात आणि तो दखल घेण्याजोगा आहे. त्याच उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी कुटुंबांच्या खर्चातला ११.०९ टक्के वाटा पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जातो. खाण्याच्या कुठल्याही इतर बाबीपेक्षा जास्त. मग पैसा आहे आणि तो चुकीच्या जागी जातो, असं नाही का दिसत? नाही दिसत. ही सरासरी सगळ्या शहराची आहे, हॉटेलात जेवणाऱ्या वर्गासह. शिवाय बाहेर विकत घेतलेलं शिजवलेलं अन्न याच खात्यात येतं. एका खोलीत आठ-आठ जणं राहणारे बांधकाम मजूर, बारा तासांच्या पाळीवरचा पहारेकरी, दिवसभर दुचाकीवर डबे पोचवणारा मुलगा यांच्यापाशी चूल नाही किंवा चुलीपाशी जायला वेळ नाही. त्यांनी घेतलेला पंधरा रुपयांचा वडापाव आणि दहा रुपयांचा चहा याच टक्केवारीत मोजला जातो. त्याला चैन म्हणायचं का?

दारूचं बोलल्याशिवाय हा वाद कधीच संपत नाही, तेव्हा तेही बोलू. दारूनं घरं मोडतात, यात खोटं काही नाही. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात सगळ्यांत खणखणीत लढा दिला तो याच घरांतल्या बायकांनी; मतदानानं बाटली आडवी करून गावोगावची दुकानं त्यांनी बंद पाडली. पण वर मांडलेल्या हिशोबात मी दारूचा एक रुपया धरलेला नाही. मोबाईलचा धरलेला नाही, लग्नाच्या कर्जाचा हप्ता धरलेला नाही. अगदी निर्व्यसनी, अगदी काटकसरी, सणवार न करणारं कुटुंब कल्पिलं तरी ते ताट त्याला परवडत नाही. व्यसनी घराचं उदाहरण देऊन निर्व्यसनी घराची मजुरी कमी ठेवता येणार नाही. आणि मोबाईल तर आज कामाचं हत्यार आहे. काम आहे की नाही हे त्याच्यावरच कळतं, रेशनचा संदेश त्याच्यावर येतो, शाळेचा गृहपाठही.

या युक्तिवादाचं एक विद्वान रूपही आहे आणि त्याचा उगम पुण्यातलाच. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गोखले संस्थेतून भारतातल्या गरिबीचा जो अभ्यास मांडला, त्यात माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ही रेषा होती. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी लावून मोजलं तर उपाशी माणसांची संख्या फुगते, असं त्यांचं म्हणणं. सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ होते आणि स्वच्छ पाणी व मलनिस्सारण यांच्याविना खाल्लेलं अंगी लागत नाही, हा त्यांचा आग्रह आजही शंभर टक्के खरा आहे. पण पुढं डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं तो धागा ताणून, गरीब माणसं आकारानं लहान पण निरोगी असतात, इथवर नेला. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९८३ मध्ये त्याला जे खरमरीत उत्तर दिलं त्याचा आशय असा, की खुजेपण ही तडजोड आहे आणि ती तडजोड फक्त गरिबाच्याच शरीरानं करायची हे विज्ञान नव्हे. शरीर जुळवून घेतं म्हणजे काय करतं? मुलाची उंची कमी करतं, आईच्या अंगातलं रक्त कमी करतं, कामाचा वेग कमी करतं. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. जुळवून घेण्याचा हा ताळेबंद आहे. ‘त्यांना सवय असते’ असं आज कुणी सहज म्हणतं तेव्हा जुन्या वादातली हरलेली बाजूच पुन्हा बोलत असते.

खाणं कशानं सुधारतं याचं उत्तरही पुण्यात शोधता येतं. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसांना कामाच्या जागेजवळ, ना नफा ना तोटा, ताजी भाकरी, झुणका, उसळ, भाजी. त्याच्या आधी १९६९ चा माथाडी कायदा झाला होता. त्या कायद्यानं हमालाची मजुरी मालकाच्या मर्जीतून काढून मंडळामार्फत द्यायची सोय केली. भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा हे शब्द पहिल्यांदा त्याच्या आयुष्यात आले. त्या काळात मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांनी प्रेमाताई पुरवांच्या पुढाकारानं १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं, तेही सावकाराच्या व्याजातून सुटून गिरणी कामगाराच्या ताटात नीट जेवण घालता यावं म्हणून. या दोन्ही ठिकाणी कामगाराला भाजीचे गुण कुणी समजावून सांगत बसलं नाही. खिशात पैसा येईल आणि जवळ ताजं, परवडणारं अन्न मिळेल, एवढी व्यवस्था उभी केली. भाकरी-झुणका समोर आला तेव्हा हमालानं तो खाल्ला.

मजुरी ठरवताना ताट मोजायचं, ही कल्पनाही नवी नाही. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनं किमान वेतनाचा आधारच तो मानला: कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन प्रौढ माणसांचं खाणं, प्रत्येकी २,७०० कॅलरी. वर मी तीन माणसं धरली ती याच रीतीनं. केंद्र सरकारनंच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीनं २०१९ मध्ये २,४०० कॅलरी, ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम स्निग्धांश धरून दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली. त्याच वर्षी केंद्रानं राष्ट्रीय किमान पातळी जाहीर केली ती १७८ रुपये. सव्वीस दिवस भरले तर महिन्याला ४,६२८. आपल्या ताटाच्या हिशोबाला त्यातच २,२०० रुपये कमी पडतात, बाकीचं आयुष्य तर बाजूलाच राहिलं. महाराष्ट्रातली किमान वेतनं याहून बरी आहेत, पण कंत्राटदाराच्या वहीतला पगार आणि हातात पडणारा पगार यांतलं अंतर कुठल्याही सफाई कामगाराला विचारावं. ताट मोजून मजुरी ठरवायची पद्धत सरकारला माहीत होती, समितीनं आकडा काढून हातात दिला होता, आणि तो बाजूला ठेवला गेला. अशा सरकारनं पोषण महिना साजरा करताना मजुराला डाळ खाण्याचा उपदेश करावा, याची मला चीड येते.

शासनाच्या निवडी पाहिल्या की जागृतीचा मुद्दा आणखी पोकळ वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं शाळेच्या आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायला सुरुवात केली. मुलांना अंड्याचे फायदे कळत नव्हते म्हणून ते आधी मिळत नव्हतं असं नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं त्याचा निधी बंद केला आणि अंडं द्यायचं तर लोकसहभागातून पैसे उभे करा असं शाळांना सांगितलं. वर्षाला वाचणारी रक्कम होती सुमारे ५० कोटी. आदिवासी पाड्यावरच्या शाळेनं कुठल्या लोकांचा सहभाग मागायचा? तमिळनाडूत शाळकरी मुलांना आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळतं, आणि तिथल्या रेशन दुकानात ३० रुपयांत किलोभर तूरडाळ व २५ रुपयांत लिटरभर पामतेल वर्षानुवर्षं मिळत आलं आहे. आपल्याकडं रवा, चणाडाळ, साखर, तेल यांचा आनंदाचा शिधा २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत आला, तो सणापुरता. डाळ दिवाळीलाच लागते का?

कराचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण, इन्स्टंट नूडल्स ५ टक्क्यांच्या टप्प्यात आली. पाकीटबंद, छापील लेबलच्या डाळीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहेच. पाच रुपयांचं बिस्किट आणि पाकिटातली डाळ यांना सरकारनं एका रांगेत उभं केलं आहे, आणि पुन्हा त्या ताईंनीच डाळ निवडावी अशी अपेक्षा आहे.

मला काय हवं आहे ते साधं आहे आणि यांतलं काहीही अशक्य नाही. रेशनवर धान्याबरोबर डाळ आणि तेल, बारा महिने. प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा आजच्या मजुरीला धरून. शाळेत आणि अंगणवाडीत अंडं, सरकारच्या पैशानं. न खाणाऱ्या मुलाला केळं किंवा दूध. बाजारपेठा, बांधकामं, मोठ्या गृहसंकुलांजवळ कष्टाची भाकरसारखी केंद्रं, आणि तिथं बसून जेवायला जागा. आणि या सगळ्याच्या आधी ताट मोजून ठरवलेलं, कंत्राटदाराला चुकवता न येणारं किमान वेतन, ज्यात घरकाम करणारी बाईही येईल. सोसायटीत आहारावर व्याख्यान ठेवणाऱ्यांनी ते जरूर ठेवावं. पण त्याच बैठकीत कामाचे दर, आठवड्याची सुट्टी आणि आजारपणाची भरपगारी रजा यांचाही ठराव करावा.

सुरुवात कुठून करायची असं कुणी विचारलं तर मी शाळेच्या स्वयंपाकघराकडं बोट दाखवीन. तिथं रोज शंभर-दोनशे मुलांसाठी खिचडी, आमटी, उसळ शिजवणाऱ्या बाईला सरकार कामगार म्हणत नाही, मदतनीस म्हणतं, आणि पगार देत नाही, मानधन देतं. केंद्रानं ते महिन्याला १,००० रुपये ठरवलं २००९ मध्ये आणि त्यानंतर वाढवलेलं नाही. महाराष्ट्रानं भर घालून २०२३ मध्ये ते २,५०० केलं. पोषण संस्थेचं ताट एका माणसाला महिन्याला २,२८० रुपयांना पडतं. या बाईचं मानधन येत्या अर्थसंकल्पात किमान वेतनाइतकं करा, दर महिन्याला वेळेवर द्या, आणि मग तिला सकस आहाराबद्दल जे सांगायचं असेल ते सांगा.